कॅश का ऑनलाइन?

गाडी बुक झाली की मिनिटभरात फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न : "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" मुंबईत हा प्रश्न बहुधा हिंदीत येतो, पुण्यात मराठीत, आणि दोन्हीकडे प्रवाशाच्या कपाळावर आठी पडते. ॲपवर सगळं लिहिलेलं असताना हा विचारतोय कशाला?

पुढच्या सीटवरचा फोन आणि मागच्या सीटवरचा फोन एकाच प्रवासाचे वेगवेगळे आकडे दाखवत असतात. मागच्याला दिसतं ते पूर्ण भाडं, पुढच्याला दिसतं ते त्यातून हाती पडणारं. हे दोन्ही आकडे ज्याने ठरवले तो गाडीत नसतो, म्हणून राग समोर असलेल्या माणसावर निघतो. इथले काही गैरसमज प्रवाशांचे आहेत, काही चालकांचे. एक-दोन अर्धे खरे आहेत, तेही तसंच सांगायला हवं.

"कॅश मागतो, म्हणजे टॅक्स चुकवतो"

ॲपवरून झालेली फेरी नोटांनी भागवली म्हणून नोंदीतून सुटत नाही. किती किलोमीटर, किती भाडं, किती वेळ, सगळं कंपनीकडे लिहिलं जातं. ॲप-टॅक्सीच्या भाड्यावरचा ५ टक्के जीएसटी कायद्याने कंपनीने भरायचा असतो. प्रवाशाने रोख दिली काय किंवा यूपीआय केलं काय, त्यात फरक पडत नाही.

चालकाला रोकड हवी असते ती आजच्या खर्चासाठी. ऑनलाइन दिलेले पैसे आधी कंपनीकडे जातात, तिथे कापाकापी होते, मग उरलेले त्याच्या खात्यात येतात, आणि मधे वेळ जातो. सीएनजीच्या पंपावर मात्र उधारी चालत नाही. शिवाय गाडी 'शेठ'ची असेल तर गोष्ट आणखी वेगळी. अशा वेळी ॲपचा आयडी बरेचदा शेठच्या नावावर असतो आणि ऑनलाइन आलेला पैसा शेठच्या बँकेत जातो. गाडी चालवणाऱ्याच्या हातात त्या दिवशी पडते ती फक्त रोकड.

रोकडीतही एक गोम आहे. रोख फेरीवरचं कमिशन चालकाच्या खात्यात उधारी म्हणून चढत जातं. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बुकिंग येणं बंद होतं, आणि आधी कंपनीचे पैसे भरावे लागतात. कॅश मागणाऱ्यालाही ती पूर्ण पचत नाही, ती अशी.

आणखी एक भांडण याच्याच पोटातून निघतं. "बुक करताना १८० होते, आता २१० कसे?" कधी कधी ते वरचे तीस रुपये मागच्या आठवड्यात तुम्ही रद्द केलेल्या गाडीचे असतात. जुनी बाकी पुढच्या बिलात जोडली जाते आणि या बिचाऱ्याला दुसऱ्याच कुणाच्या वतीने वसुली करावी लागते. अशा वेळी शिव्या देण्याआधी बिलाचा तपशील उघडून पाहावा.

"पाऊस पडला, भाडं वाढलं, ड्रायव्हरची चांदी"

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ॲप-टॅक्सीचालक संपावर गेले. ऐन पावसाळ्यात, म्हणजे प्रवाशांच्या समजुतीप्रमाणे ज्या महिन्यात त्यांची दिवाळी असायला हवी, त्याच महिन्यात. त्यांचं म्हणणं होतं की खर्च वजा जाता किलोमीटरमागे ८ ते १२ रुपये हातात उरतात, म्हणून आम्हाला काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर द्या. काळ्या-पिवळीचा दर १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे झाला होता. वातानुकूलित गाडीच्या चालकाने बिगर-वातानुकूलित टॅक्सीचा दर मागावा, यातच सगळं आलं.

हिशेब कुठे चुकतो ते पाहू. समजा संध्याकाळी अंधेरीहून दादरला जायचं आहे, मुसळधार पाऊस आहे आणि भाडं दीडपट झालंय. एरवी तासाभरात होणारी फेरी त्या दिवशी दोन तास खाते. म्हणजे भाडं दीडपट, वेळ दुप्पट. शिवाय तुमच्यापर्यंत पोहोचायला तो तीन किलोमीटर रिकामा आला, त्याचं भाडं कुणी देत नाही. एसी चालू ठेवून जॅममध्ये उभं राहिलं तरी गॅस जळतोच. आणि वाढलेल्या भाड्यातला त्याचा वाटा ठरावीक टक्क्यांनी बांधलेला असेलच असं नाही. प्रवाशाचा आकडा आणि चालकाचा आकडा वेगवेगळे काढले जातात. तुम्हाला ६०० दिसले म्हणून त्यालाही ६०० दिसले असं धरून चालू नका.

यावर सरकारने काहीच केलं नाही, हा गैरसमजही याच जातीचा. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राने ॲप-टॅक्सींचं धोरण जाहीर केलं. मूळ भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही, मागणी कमी असताना २५ टक्क्यांहून जास्त सूट द्यायची नाही, आणि भाड्यातले किमान ८० टक्के चालकाला द्यायचे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा मूळ दर ठरला. त्यावरून गणित सोपं आहे : किलोमीटरला कमीत कमी १७ रुपये, जास्तीत जास्त ३४. जुलै २०२५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी भाडं दुपटीपर्यंत नेण्याची मुभा दिली, पण महाराष्ट्राच्या धोरणात मर्यादा दीडपटीचीच होती.

प्रवाशांच्या नजरेतून सूट देण्यावरची मर्यादा विचित्र वाटते. स्वस्त मिळतंय तर मिळू द्या की! पण ती सूट कंपनी स्वतःच्या खिशातून देते का चालकाच्या, हा खरा प्रश्न आहे, आणि संपात तोच विचारला गेला. कागदावरचं धोरण आणि रस्त्यावरचा दर यांची गाठ अजून नीट पडलेली नाही, हे मान्य. तरी दुपारी दोन वाजता मिळालेली ९९ रुपयांची फेरी कुणाच्या तरी ताटातून आलेली असते, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

"बॅटरी कमी असली की ॲप जास्त पैसे लावतं"

या अफवेचा उगम सापडतो. २०१६ मध्ये उबरमधले अर्थतज्ज्ञ कीथ चेन यांनी अमेरिकेतल्या एका मुलाखतीत सांगितलं की बॅटरी संपत आलेली माणसं वाढीव भाडं अधिक सहज मान्य करतात. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं होतं की भाडं ठरवताना कंपनी ही माहिती वापरत नाही. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं मागे राहिलं.

आयफोनला जास्त आणि अँड्रॉइडला कमी, ही तक्रार आपल्याकडे इतकी गाजली की जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर या दोघांनाही नोटिसा पाठवल्या. दोघांनी आरोप नाकारला. घरी सोफ्यावर दोन फोन शेजारी ठेवून केलेली परीक्षा मात्र काही सिद्ध करत नाही. एका फोनवर कूपन असतं, दुसऱ्यावर नसतं. पिन दहा मीटर इकडेतिकडे असते. तीस सेकंदांत आसपासच्या गाड्या कमी होतात. कंपन्यांच्या भाड्याचं सूत्र बाहेरच्या कुणाला दिसत नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण त्या अंधारात बॅटरीचं भूत आहे, असं म्हणायला पुरावा लागतो.

"गाडी जागची हलत नाही, मुद्दाम बसलाय"

हा अर्धा खरा.

खोटा अर्धा असा. नकाशावर गाडी चारशे मीटरवर दिसते, पण ती पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला असते आणि वळायला पुढच्या पुलापर्यंत जावं लागतं. कधी तो आधीच्या प्रवाशाला सोडतोय आणि त्याच वेळी ॲपने तुमची फेरी त्याला देऊन ठेवलेली असते. कधी सीएनजीच्या रांगेत पुढे दोनच गाड्या उरलेल्या असतात. ती जागा सोडली तर परत तासभर उभं राहायचं.

खरा अर्धा असा. काही चालक खरोखरच बसून राहतात. कारण जो आधी रद्द करील त्याच्या नावावर रद्द केल्याची नोंद पडते. त्याने रद्द केलं तर त्याचा आयडी खाली जातो, बुकिंग कमी येतात. तुम्ही केलं तर पैसे तुमचे कापले जातात. म्हणून दोघंही एकमेकांच्या संयमाचा अंत पाहत फोनकडे बघत बसतात. "ताई, तुम्हीच कॅन्सल करा ना, गाडी पंक्चर आहे" हा या खेळातला हुकमी पत्ता, आणि मुंबईत पंक्चर होणाऱ्या गाड्यांची संख्या पाहता टायर कंपन्यांनी याची दखल घ्यायला हवी.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात याला उत्तर आहे. विनाकारण चालकाने रद्द केलं तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम प्रवाशाला. प्रवाशाने केलं तर ५ टक्के किंवा ५० रुपये, कमी असेल ती चालकाला. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन किलोमीटर रिकामं येऊन "सॉरी, रिक्षा मिळाली" ऐकणाऱ्याला आजवर कुणी विचारत नव्हतं.

फोनवर "कुठं जायचंय" विचारणं यातूनच येतं. ठिकाण आधी दाखवावं ही चालकांची जुनी मागणी होती आणि काही ॲपवर ते दिसूही लागलंय. पण त्याच्या डोक्यातला प्रश्न तिथून परत भाडं मिळेल का, हा असतो. रात्री साडेदहाला उरणला सोडून रिकामी गाडी घेऊन ठाण्याला यायचं, त्याचे पैसे त्याला धरूनच हिशेब करावा लागतो. याचा अर्थ त्याने बुकिंग घेऊन मग नाकारावं असा होत नाही. नको असेल तर घेऊच नये.

"पुण्यात ॲपवाले मीटरचे पैसे मागतात, ही लूट आहे"

पुणेकरांना हा अनुभव नवा नाही. ॲपवर २४० दिसतात; दारात आलेला चालक म्हणतो, "काका, सरकारी दराने यावं लागेल, ॲपचा रेट परवडत नाही." आणि हिशेब साडेतीनशेच्या पुढे जातो.

तो सांगतो तो दर त्याने मनाने काढलेला नाही. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला आणि तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कंपन्यांनी तो ॲपवर लावला नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने ओला आणि उबरचे चारचाकींच्या परवान्याचे अर्जही नाकारले. मग चालक संघटनांनी स्वतःच तो दर मागायला सुरुवात केली.

पण प्रवाशालाही दोष देता येत नाही. त्याच्यासमोर एक आकडा आला, त्याने होकार दिला. चालकाने तेच बुकिंग स्वीकारलं. आता दारात येऊन दुसरा आकडा सांगणं, तेही सामान डिकीत गेल्यावर, हे मला पटत नाही. दर न्याय्य असला तरी तो फोनवर, गाडी निघण्याआधी सांगायला हवा. तसं सांगणारे चालक आहेत, आणि त्यांच्याशी भांडण होत नाही असा अनेकांचा अनुभव आहे.

रिक्षांचं प्रकरण तर आणखी सरकलंय. १८ फेब्रुवारी २०२५ पासून उबरने रिक्षावाल्यांकडून प्रत्येक फेरीवर कमिशन घेणं बंद केलं. आता रिक्षावाला वापराचं शुल्क भरतो आणि पैसे प्रवाशाकडून थेट घेतो. ॲपवर दिसणारं भाडं ही सूचना असते. म्हणजे ॲप फक्त गाठ घालून देतं, स्थळ सुचवणाऱ्या मावशीसारखं. पुढचं तुमचं तुम्ही बघा. रिक्षाला मीटर आहे, आणि मुंबईत २०२५ च्या दराने तो २६ रुपयांपासून पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैशांनी पळत होता. वाद झाला तर मीटर टाकायला सांगणं हा सगळ्यात जुना उपाय अजून चालतो.

"एसी लावायला सांगितला की तोंड वाकडं करतो"

करतो. एसी गाडी बुक केली असेल तर एसी हा तुमचा हक्क आहे, त्यात दुमत नाही. त्याचा खर्च दरात धरलेला नाही, ही चालकाची तक्रार आहे आणि तीही खरी आहे. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या चालकांनी याच कारणासाठी एसी बंद ठेवण्याची मोहीम काढली होती.

डिकीचं तसंच. सीएनजीची टाकी डिकीत बसलेली असते, त्यामुळे दोन मोठ्या बॅगा मावत नाहीत. विमानतळावर चार जण आणि चार बॅगा असतील तर लहान गाडी बोलवून चालकावर चिडण्यात अर्थ नाही.

"पॅसेंजर मुद्दाम चुकीचं लोकेशन टाकतात"

हा चालकांचा गैरसमज. प्रवासी बहुतेक वेळा काहीच टाकत नाही, फोन टाकतो. उंच इमारतींच्या मधे किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये जीपीएस भरकटतो आणि पिन सोसायटीच्या मागच्या बाजूच्या गल्लीत जाऊन पडते, जिथलं गेट २०२० पासून बंद आहे. चालक तिथे पोचून 'आलो' म्हणतो, थांबण्याचे पैसे सुरू होतात, आणि आजी पुढच्या गेटवर पिशव्या घेऊन उभ्या. बुक करताना पिन हाताने सरकवून गेटवर आणली तर निम्मे फोन वाचतील.

ताऱ्यांच्या बाबतीत मात्र चूक आपली असते. आपल्या शाळेत पाचापैकी चार म्हणजे ८० टक्के, उत्तम. ॲपवर चार म्हणजे सरासरी खाली ओढणारा शेरा. काही खोट नव्हती तर पाच द्यायचे. आणि हो, चालकही तुम्हाला तारे देतो. तुमची सरासरी तुमच्या खात्यात लिहिलेली असते. एकदा बघून घ्या.

"आता त्याच्याकडे माझा नंबर राहील"

ॲपमधून केलेला फोन बहुतेक कंपन्या मधल्या नंबरवरून जोडतात, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचा खरा नंबर दिसत नाही. ही भिंत आपणच पाडतो. लोकेशन पाठवायला व्हॉट्सॲप करतो, किंवा उतरताना त्याच्या क्यूआरवर यूपीआय करतो. आपला यूपीआय आयडी म्हणजे अनेकदा आपला मोबाइल नंबरच असतो. एकट्याने रात्री जाणाऱ्या मुलीने याचा विचार करावा, आणि ॲपमधूनच पैसे द्यावेत.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत झालेल्या बलात्कारानंतर आपल्याकडे सुरक्षिततेच्या सोयी वाढल्या. प्रवास घरच्यांना दाखवणं, ॲपमधलं आणीबाणीचं बटण, हे सगळं उपयोगाचं आहे. पण त्याहून आधीची पायरी आहे ती नंबरप्लेट. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा चेहरा ॲपशी जुळला तरच बसायचं, ओटीपी त्यानंतर. गडबडीत लोक उलटं करतात. फोन हातात असेल तर ११२ लावायला कुठल्याही ॲपची गरज नाही.

"स्वतःचा मालक आहे, मनाला येईल तेव्हा काम करतो"

सुरुवातीच्या वर्षांत हे बरंचसं खरं होतं. इन्सेंटिव्हचा पाऊस पडत होता, नोकऱ्या सोडून लोकांनी कर्जावर गाड्या घेतल्या. मग इन्सेंटिव्ह आटले, हप्ते राहिले. ऑक्टोबर २०१८ चा मुंबईतला लांबलेला संप त्यातूनच झाला. आज हप्ता, विमा, पासिंग आणि गॅस भागवायला अनेकांना दिवसाचे बारा तास पुरत नाहीत. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बारा तासांची मर्यादा घातली होती, पण प्रत्यक्षात एक ॲप बंद करून दुसरं उघडलं की मोजणी नव्याने सुरू. पहाटे चारच्या विमानासाठी गाडी बोलवलीत तर चालकाला विचारा, झोप झाली का. आगाऊपणा वाटेल, पण विचारा.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीसाठी द्यायची तरतूद आहे. 'पार्टनर' म्हणवल्या जाणाऱ्या माणसाची आपल्या देशाच्या कायद्याने घेतलेली ही पहिली मोठी दखल.

"ॲप बंद करा, तसंच जाऊ, दोघांचाही फायदा"

चालक म्हणतो, "सर, कॅन्सल करा, ॲपवर जेवढे दिसतात तेवढेच द्या." प्रवासी विचार करतो, आपलं काय जातंय? कमिशन वाचलं ते त्याला मिळू दे.

जातं ते असं. फेरीची नोंद नाही, म्हणजे घरी पाठवलेली लिंक तिथेच थांबते. अपघात झाला तर गाडीचा स्वतःचा विमा असतो, पण ॲपच्या फेरीला जोडलेलं संरक्षण मिळत नाही. भाड्यावरून वाजलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला सांगायला हातात बिलही नाही. वर रद्द केल्याचे पैसे तुमच्याच खात्यातून. चालकाचंही काही फार साधत नाही. पकडला गेला तर आयडी ब्लॉक, आणि गाडीचा हप्ता मात्र पाच तारखेला जायचाच.

लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर राहिली, तर ॲपमध्ये 'हरवलेली वस्तू' शोधताना समोर येते ती गेल्या आठवड्यातली फेरी, वेगळ्याच गाडीची.